कोयनेचा भूकंप : घर्षणाने धरले, पाण्याने सैल केले

१/ ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. कोयनानगर झोपेत असतानाच ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, हजारो बेघर झाली. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, ही समजूतही त्या पहाटे ढासळली.

२/ संशय धरणावर येणे स्वाभाविक होते. १०३ मीटर उंच धरणामागचा शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला, आणि पाठोपाठ सौम्य धक्के जाणवू लागले. पण एवढी विध्वंसक ऊर्जा पाण्यात आली कोठून?

३/ ती पाण्यात नव्हतीच, खडकात होती. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात, तिला भ्रंश म्हणतात. भूगर्भातील रेट्याने तेथे ताण साठत जातो आणि घर्षण खडकांना जागीच अडवून धरते. जड कपाट ढकलताना ते बराच वेळ हलत नाही, मग एकाएकी सरकते, तसेच हे.

४/ कोयनेच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, ब्रेस आणि बायर्ली यांनी अमेरिकेत प्रयोगशाळेतील खडकांवर हेच अडणे-निसटणे पाहिले आणि उथळ भूकंपांचे मूळ त्यात असावे, असे मांडले. निसटलेला भ्रंश पुन्हा घट्ट होतो, ताण पुन्हा साठतो. हेच भूकंपचक्र.

५/ या चक्रात पाणी कोठे शिरते? भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब खडकांना परस्परांपासून दूर रेटतो. त्यांना आवळून धरणारे बळ घटले, की घर्षणही घटते. ताण जुनाच, तो सुटतो मात्र लवकर.

६/ कोयना परिसरातील धक्क्यांचा जलाशयाच्या भरण्या-उतरण्याशी असलेला संबंध हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अभ्यासला. याच शोधासाठी गोठणे येथे बेसाल्टचा थर भेदून ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. ते २०१७ मध्ये पूर्ण झाले.

७/ म्हणून ‘भूकंप धरणाने घडवला’ हे अर्धसत्य, आणि ‘धरणाचा संबंधच नाही’ हेही अर्धसत्य. ताण निसर्गाचा होता, मुहूर्त पाण्याने अलीकडे आणला. धरण बांधताना भिंतीच्या मजबुतीइतकाच तळाखालच्या खडकाचाही विचार करावा लागतो, हा धडा कोयनेच्या लोकांनी फार मोठी किंमत मोजून जगाला दिला.