गुदमरल्याची वर्दी कोण देते?

वैशाखात विहिरींनी तळ गाठला की कोरेगावसारख्या तालुक्यांत गाळ काढण्याची कामे निघतात. विहिरीत उतरलेला माणूस वर आला नाही, त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहिला, अशा बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. जीव गुदमरत असताना माणसाला वेळीच कळत कसे नाही? याचे उत्तर शोधायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

ऑक्सिजन कमी पडला की धाप लागते, असा आपला समज असतो. १८९३ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन व लॉरेन स्मिथ यांनी हवाबंद पेटीत बसून तो तपासला. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू दिला की धाप लागे. तो शोषून घेतला, तर ऑक्सिजन घटत असूनही फारशी लागत नसे. १९०५ मध्ये हाल्डेन व प्रीस्टली यांनी दाखवले, की वायुकोशांतील हवेत हा वायू केवळ ०.२ टक्क्याने वाढला तरी श्वसन दुप्पट होते.

आपल्याकडे लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामातील वायूंची देवाणघेवाण मोजली आणि ते आकडे 'योगमीमांसा' नियतकालिकात प्रसिद्ध केले. कुंभक लांबवला की होणारी तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचीच असते.

हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतो, तिथे कार्बोनिक आम्ल बनते आणि लंबमज्जेतील पेशी ती आम्लता ओळखून श्वास वाढवतात. मानेतील कॅरोटिड पिंड ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात, पण तो बराच घटल्यावरच ते जोराने जागे होतात.

मग भीती कुठून येते? २००९ मध्ये उंदरांच्या मेंदूतील बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा भाग आम्लता ओळखतो असे दिसले. पण २०१३ मध्ये अमेरिकेत, दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेल्या तीन स्त्रियांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक श्वास दिला. त्या तिघीही घाबरल्या. निरोगी बारा जणांपैकी मात्र तिघेच. म्हणजे गुदमरण्याची घबराट अमिग्डालाशिवायही उठते.

ही वर्दी आम्लतेची आहे, ऑक्सिजनच्या अभावाची नव्हे, हे आपण वर्गात ठसवले पाहिजे. ऑक्सिजन नुसताच कमी असेल, किंवा डिझेल इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड साचला असेल, तर धाप न लागताच शुद्ध हरपते. कार्बन डायऑक्साइड फार दाट असेल, तर वर्दी मिळूनही बाहेर पडायला वेळ उरत नाही. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीतही पुरेशी नाही: मोनॉक्साइडने दिवा विझत नाही, आणि ज्वालाग्राही वायू असेल तर स्फोट होतो. म्हणून आधी हवा खेळवावी, वायुमापकाने तपासावी, माणसाला दोर बांधूनच उतरवावे. आणि तो कोसळला तर श्वसनाच्या साधनांशिवाय कोणीही त्याच्यामागे उतरू नये.