सोसा म्हणण्याचे दिवस

१९८६ सालची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बीजकोशाचा कर्करोग झाला होता. सलाइनमधून तिला सिसप्लॅटिन नावाचं औषध देत. तासा-दोन तासांत उलट्या सुरू व्हायच्या, त्या दुसऱ्या दिवसापर्यंत. कॉटखाली स्टीलचं भांडं कायमचं. विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘‘औषध जालीम आहे, थोडं सोसा.’’ पुढं तर रुग्णालयाचं फाटक दिसलं तरी तिला उमळून यायचं. तिसऱ्या खेपेनंतर ती म्हणाली, ‘‘मरण परवडलं, पण हे नको.’’ चौथ्या खेपेला ती गेलीच नाही.

ते सोसणं अटळ होतं का? या प्रश्नापायी मी या औषधांचा इतिहास वाचत गेलो.

केमोथेरपीचा उगम युद्धातल्या विषारी वायूवरच्या संशोधनात आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९४२मध्ये नायट्रोजन मस्टर्ड पहिल्यांदा एका रुग्णाला दिलं गेलं. सिसप्लॅटिनचा गुण मात्र योगायोगानं कळला. जीवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो हे पाहताना बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५मध्ये दिसलं, की जीवाणूंचं विभाजन रोखतंय ते विजेच्या अग्रांतलं प्लॅटिनम! १९७८मध्ये हे औषध अमेरिकेत मान्य झालं आणि वृषणाचा कर्करोग बरा होऊ लागला. पण उलटीवर उपाय न करता ते दिलं, तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांना उलट्या होत. डॉक्टरांची नजर गाठीवर होती. जीव वाचतोय, तिथं उलटीचं काय एवढं?

वाट दाखवली ती रुग्णांनीच. बोस्टनमधले काही तरुण रुग्ण सांगू लागले, की गांजा ओढून आलं तर उलटी होत नाही. तिथल्या डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. गांजातल्या द्रव्याची रीतसर चाचणी करून १९७५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८१मध्ये रिचर्ड ग्राला आणि सहकाऱ्यांनी मेटोक्लोप्रमाइड हे जुनंच औषध मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं आणि रुग्णांच्या उलट्या चक्क मोजल्या. त्या खूपच कमी झाल्या होत्या. १९८३मध्ये सिडनीच्या डॉक्टरांनी रुग्णांना विचारलं, सर्वांत जास्त त्रास कशाचा? पहिली उलटी, दुसरी मळमळ, केस गळणं त्यानंतर.

मग कारण सापडलं. औषधामुळं आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि तो निरोप मज्जातंतूतून मेंदूपर्यंत जातो. उंदराला उलटी होत नाही, म्हणून प्रयोग फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर झाले. हा निरोप वाटेतच अडवला तर उलटी थांबते, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं ते १९८६मध्येच, अक्का त्या भांड्यावर ओणवी होत होती त्याच साली. त्यातून आलेलं ऑनडॅनसेट्रॉन १९९०-९१मध्ये इंग्लंड-अमेरिकेत मिळू लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या उलट्यांसाठी २००३मध्ये ॲप्रेपिटंट आलं. मनोविकारांवरचं ओलँझापिन मळमळीवरही चालतं, पण झोप फार येते. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२४मध्ये दाखवून दिलं, की दहाऐवजी अडीच मिलिग्रॅमनं तेवढाच आराम पडतो आणि दिवसाची गुंगी कमी होते.

गेल्या वर्षी माझीच पाळी आली. सलाइन लावण्याआधी उलटीवरची औषधं दिली. संध्याकाळी घरी येऊन मी मऊ भात आणि मेतकूट खाल्लं. तिसऱ्या दिवशी मात्र मळमळू लागलं. उलटी आवरते, मळमळ अजूनही हट्टी आहे. मी गप्प बसणार होतो. आपल्याकडं सोसणाऱ्याचं कौतुक फार! पण अक्का आठवली आणि फोन केला. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला औषध बदललं.

आपल्या घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर उलटी किती वेळा झाली, मळमळ कधी सुरू झाली, हे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. उलटीवरची गोळी त्रास सुरू होण्याआधी, सांगितलेल्या वेळीच द्या. माझ्या सहाही खेपा पुऱ्या झाल्या. अक्काच्या तीनच झाल्या होत्या.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)