सोयामेणाची मेणबत्ती

सोयाबीन तेलाचे हायड्रोजनीकरण करून मिळणाऱ्या पांढरट मेणाची मेणबत्ती. तत्त्व वनस्पती तुपाचेच : तेलातील असंतृप्त मेदाम्ले संतृप्त होतात, वितळबिंदू वाढतो आणि तेल थिजते. हे मेण 1990 च्या दशकात अमेरिकेतील आयोवा राज्याच्या मायकेल रिचर्ड्स यांनी विकसित केले.

पेल्यात ओतायचे सोयामेण सुमारे 50° से.ला वितळते. ते मऊ असल्याने काचेचा पेला किंवा पत्र्याची डबी लागते. घरी करताना मेणाचे भांडे थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवतात. वितळलेल्या मेणात वजनाच्या 6 ते 10 टक्के सुगंधी तेल घालून सावकाश ढवळतात. घाई केल्यास तेल तळाशी साचते. सुती वात पेल्याच्या बुडाला चिकटवून वरचे टोक आडव्या काडीने मधोमध धरतात, मग मेण ओततात. थिजल्यावर पृष्ठभागावर कधी बुरशीसारखी पांढरी नक्षी उमटते. तो मेणाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. सुवास मुरायला एक-दोन आठवडे द्यावेत.

खरी कसोटी वातीची. पेल्याच्या मानाने ती बारीक असल्यास ज्योत मधेच खड्डा करत खाली जाते व कडेचे मेण वाया जाते. जाड असल्यास काजळी धरते. सोयामेण धूर करतच नाही, ही निव्वळ जाहिरात होय. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात सुमारे अर्धा सेंमी. राखून कापावी. मेणाने पेट घेतल्यास पाणी मुळीच ओतू नये. भांड्यावर झाकण ठेवावे.