आधी अँटीबॉडी, मग रिसेप्टर: ओकेटी-९ची गोष्ट

कॅटलॉगमध्ये ‘अँटी-सीडी७१’ शोधलंत की एकापाठोपाठ एक क्लोन समोर येतात. माणसाच्या पेशींसाठी ओकेटी-९ आणि ४२/६, उंदरासाठी आरआय७-२१७, रॅटसाठी ओएक्स-२६. सगळ्यांचं लक्ष्य एकच, पेशीत लोह आत घेणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर. मग यातला कुठलाही घेतला तर बिघडलं कुठे? बिघडतं, आणि कसं बिघडतं ते या अँटीबॉडींच्या इतिहासात नीट दिसतं. पीएचडीच्या मुलाखतीत ‘हाच क्लोन का?’ असं कोणी विचारलं तर ‘लॅबमध्ये होता म्हणून’ हे उत्तर चालत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन वाहून नेतं. त्याच्या एका रेणूवर लोहाचे दोन अणू बसतात. १९५९ मध्ये जँडल आणि सहकाऱ्यांनी रेटिक्युलोसाइट, म्हणजे अजून पूर्ण न पिकलेल्या तांबड्या पेशी, घेतल्या आणि त्यांच्यावर ट्रिप्सिन टाकलं. पेशींची ट्रान्सफेरिनकडून लोह घ्यायची क्षमता गेली. म्हणजे पृष्ठभागावर एखादं प्रथिन असणार जे ट्रान्सफेरिनला धरतं. रिसेप्टरची कल्पना तेव्हापासून होती, पण तो हातात धरायला सोयीची मूठ नव्हती.

ती मूठ आली भलत्याच दिशेने. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमा तंत्र मांडलं. या तंत्राची गंमत लक्षात घ्या. तुम्ही अख्ख्या पेशी उंदराला टोचता, मग मिळालेल्या शेकडो क्लोनमधून कोण कुठल्या पेशीला चिकटतं ते तपासता. म्हणजे अँटीबॉडी आधी मिळते, आणि ती नेमकी कशाला चिकटते आहे हे नंतर शोधावं लागतं. ओकेटी हे नावच बघा: ‘ऑर्थो’ ही कंपनी, ‘कुंग’ हे संशोधक आणि ‘टी’ म्हणजे टी-पेशी. लक्ष्याचं नाव त्यात कुठेच नाही, कारण ते माहीतच नव्हतं!

१९८० मध्ये बोस्टनच्या राइनहर्ट्झ, श्लोसमन आणि सहकाऱ्यांनी थायमसमधल्या टी-पेशींच्या वाढीचे टप्पे या मालिकेच्या मदतीने लावले. त्यात ओकेटी-९ सुरुवातीच्या टप्प्यातल्या थोड्याच पेशींवर दिसली. साहजिकच ती ‘टप्प्याची खूण’ ठरली. पण लंडनमध्ये ग्रीव्ह्ज यांच्या गटाला तीच खूण तऱ्हेतऱ्हेच्या ट्यूमर पेशींवर सापडली. टी-पेशींशी काही संबंध नसलेल्या पेशींवरसुद्धा. आता ही टी-पेशीची खूण कशी म्हणायची? त्या पेशींमध्ये समान काय होतं, तर त्या भराभर विभागत होत्या.

उलगडा १९८१ मध्ये झाला, आणि तो तीन ठिकाणांहून जवळपास एकाच वेळी झाला. लंडनच्या गटाने आणि गोडिंग-बर्न्स या जोडीने ओकेटी-९ वर काम केलं, तर ट्रोब्रिज आणि ओमारी यांनी बी३/२५ या आपल्या वेगळ्या अँटीबॉडीवर. निष्कर्ष तिघांचा एकच: हे प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन रिसेप्टर. प्रत्येकी सुमारे ९० किलोडाल्टनचे दोन सारखे भाग, डायसल्फाइड बंधांनी जोडलेले. विभागणाऱ्या पेशींवर तो जास्त का, हेही जुळलं. डीएनएचे घटक तयार करणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या एन्झाइमला लोह लागतं.

इथे जरा थांबा, कारण पुढचा भाग प्रयोग आखताना कामाला येतो. ट्रान्सफेरिन बसलेलं असतानाही एखादी अँटीबॉडी रिसेप्टरला धरू शकते, याचा अर्थ ती ट्रान्सफेरिनच्या जागेवर बसत नाही. बी३/२५ अशीच. याउलट १९८२ मध्ये ट्रोब्रिज आणि लोपेझ यांनी ४२/६ आणली. ती ट्रान्सफेरिनला बसूच देत नाही, आणि तिने कल्चरमधल्या ट्यूमर पेशींची वाढ रोखली. लक्ष्य तेच, परिणाम वेगळा. फक्त डाग द्यायचा आहे की लोह तोडायचं आहे, यावर क्लोन ठरतो.

‘मग न अडवणारी अँटीबॉडी निरुपद्रवी’ असं वाटत असेल तर १९८६ चं काम वाचा. के५६२ पेशींना ओकेटी-९ दिली की रिसेप्टर पेशीच्या आत खेचला जातो आणि जास्त वेगाने नष्ट होतो. एरवी हा रिसेप्टर ट्रान्सफेरिन आत नेतो, आम्लधर्मी एंडोसोममध्ये लोह सुटतं, आणि रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतो. दोन हातांची अँटीबॉडी रिसेप्टर एकमेकांना बांधते आणि हा फेरा मोडतो. माझ्या मते हा पेपर रिसेप्टरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावा. जिवंत पेशींवर तासभर अँटीबॉडी ठेवून ‘रिसेप्टर कमी झाला’ असं लिहिण्याआधी तर नक्कीच.

हाच मुद्दा पुढे औषधात आला. १९८४ मध्ये जेफरीज आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर हा रिसेप्टर दाखवला. १९९१ मध्ये ओएक्स-२६ला औषध जोडून ते रॅटच्या मेंदूत नेण्याचा प्रयत्न झाला. नंतर कळलं की खूप घट्ट चिकटणारी किंवा दोन्ही हातांनी धरणारी अँटीबॉडी पलीकडे नीट पोचतच नाही. २०१४ च्या एका कामात एका हाताने धरणारं रूप पार गेलं, दोन हातांचं मात्र लायसोसोमकडे वळलं.

२०२१ मध्ये जपानने हंटर सिंड्रोमसाठी पॅबिनाफस्प अल्फा मंजूर केलं. त्यात माणसाच्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरची अँटीबॉडी आणि रुग्णात कमी पडणारं एन्झाइम जोडलेलं आहे. पण ही अँटीबॉडी माणसाच्या रिसेप्टरसाठी बनवलेली, उंदराचा रिसेप्टर वेगळा. त्यामुळे औषध तपासण्याआधी संशोधकांना माणसाच्या रिसेप्टरचं जीन बसवलेले उंदीर तयार करावे लागले.