विकाऊ पोकळी: खेळण्यातल्या रेल्वेचा बोगदा

खऱ्या रेल्वेत डोंगर आधी असतो आणि बोगदा नाइलाजाने खणावा लागतो. खेळण्यातल्या रेल्वेत सगळा उलटा कारभार: बोगदा हवा म्हणून डोंगर आणायचा. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. तो एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात करायचा तर ७५ मीटर जागा लागेल. दुकानातला तयार बोगदा २५ सेंटिमीटरचा धरला, तर तो प्रत्यक्षातल्या २२ मीटरांचा होतो. एवढ्यासाठी कोणताही इंजिनिअर बोगदा खणणार नाही. वरून डोंगर कापून मोकळा होईल. म्हणून या नगाला खऱ्या बोगद्याची प्रतिकृती समजून जोखू नये. गाडी त्याच त्या वर्तुळात फिरते आहे हे काही क्षण झाकणे, हे त्याचे खरे काम.

हे काम निघाले ते रूळ पद्धतशीर विकले जाऊ लागल्यावर. ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक गेजांच्या रुळांची योजना मांडली. एकदा संच घ्यायचा आणि पुढे दरवर्षी त्यात भर घालायची: स्टेशन, पूल, सिग्नल, बोगदा. यांतला बोगदा व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा. आत काहीच नाही, तरी खोके सगळ्यांत मोठे. वाहतुकीचे भाडे आणि फळीवरची जागा ही दोन्ही पोकळीपायी जातात. गेल्या शतकभरात बोगद्याचे साहित्य का बदलत गेले, हे मला तरी सौंदर्यदृष्टीपेक्षा या अडचणीतून जास्त नीट समजते.

आरंभीचे बरेच बोगदे कागदाच्या लगद्याचे. अमेरिकेत आइव्हज आणि लायोनेल या दोघांनीही ते विकले. लगदा स्वस्त आणि हलका, आणि त्या काळी हलकेपणाला महत्त्व होते. रूळ जमिनीवरच मांडले जात, आणि चावीची गाडी आतच थांबली की डोंगर उचलायचा, चावी द्यायची, डोंगर परत ठेवायचा. पण लगदा दमट हवेत सैल पडतो आणि कडेला चेपतो. १९२० च्या दशकात लायोनेलने पत्र्याचे बोगदे आणले. उतारावर हाताने रंगवलेले रस्ते, लहानशी घरे, काही नगांत आत विजेचा दिवा. देखणेपणात त्यांना पुढे कोणी गाठले नाही, असे माझे मत. वजन आणि किंमत मात्र डोईजड. लिव्हरपूलच्या हॉर्नबीने १९३० च्या दशकात लाकडी सांगाड्यावर रंगवलेले कापड चढवून पाहिले. दाबलेल्या नमद्याचेही प्रयोग झाले.

पोकळीचा प्रश्न सुटला तो प्लास्टिकमुळे, आणि तोही दोन टप्प्यांत. थर्माकोलने वजन संपवले, आकारमान तसेच राहिले. त्यानंतर आले वॅक्यूम फॉर्मिंग. तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. माल साच्यातून सुटावा म्हणून त्याच्या बाजू उतरत्या ठेवाव्याच लागतात; डोंगर तर उतरताच असतो. त्यामुळे असे डझनभर डोंगर कागदी कपांसारखे एकात एक बसतात. दिसायला हे बोगदे बहुतेक सुमारच. गोदामवाल्याला मात्र यांहून सोयीचा डोंगर मिळाला नसेल.

साहित्य कोणतेही असो, भूमिती कोणाला चुकत नाही. वळणावर लांब डब्याचे पोट आत झुकते आणि टोके बाहेर फेकली जातात. डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांमधील अंतराचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागले, की पोट किती आत जाते ते कळते. युरोपातल्या २६.४ मीटरच्या डब्यात हे अंतर १९ मीटर असते, म्हणजे एचओत सुमारे २१८ मिलिमीटर. ३६० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर उत्तर येते साधारण १६.५ मिलिमीटर. एचओचे गेजही नेमके तेवढेच! टोकेही बाहेर सुमारे १५ मिलिमीटर जातात. सरळ रुळावर ३३ मिलिमीटर रुंदीत मावणारा डबा वळणावर ६५ मागतो. वळणाच्या तयार बोगद्यांची तोंडे बेढब वाटतात ती यामुळे. कित्येक कंपन्यांनी डबेच आखूड काढले. अर्थात त्यामागे बोगदा हे एकटेच कारण नव्हते. विजेच्या इंजिनासाठी वरच्या तारेला जागा हवी, म्हणून उंच कमानी वेगळ्या मिळतात.

रूळ जमिनीवरून फळीवर कायमचे बसले, तसा डोंगर हौशी माणूस स्वतः करू लागला: जाळी, वर प्लास्टरमध्ये भिजवलेले कापड, त्यावर रंग. कंपनीकडे उरले फक्त तोंड. फालर, नॉख, वुडलंड सीनिक्स यांच्या कमानी चपट्या पाकिटात येतात. पोकळी गिऱ्हाइकाने घरची वापरायची. डोळ्याला आतले थोडेच दिसते, म्हणून अस्तर तेवढ्यापुरते लावतात आणि पुढे काळा रंग फासतात. आत सांधा ठेवू नये आणि मागच्या बाजूला हात जाईल असे दार ठेवावे, कारण गाडी घसरायची ती नेमकी तिथेच. तरीही जर्मन हौशी लोक डोंगराच्या पोटात अख्खे यार्डच लपवतात: एक गाडी आत जाते, दुसरीच बाहेर येते.

हाताने ढकलायच्या लाकडी गाड्यांचे, उदाहरणार्थ ब्रिओचे, गणित वेगळे. तिथे मुलाचा हात हेच इंजिन, आणि तो काही बोगद्यात शिरत नाही. म्हणून बोगदा गाडीपेक्षा आखूडच लागतो: शेवटचा डबा हातातून सुटायच्या आत पलीकडे इंजिनाचे नाक पकडता आले पाहिजे.