लॉटवर उभा माल

बँकेचा माणूस महिन्यातून एकदा यायचा, आणि कोणत्या दिवशी ते कधी आधी कळवायचा नाही. हातात यादी, पायात चिखलाचे बूट. आमच्याशी फारसं न बोलता थेट लॉटवर, म्हणजे विकायच्या गाड्या उभ्या असतात त्या मैदानात, जायचा. ओळीने उभ्या असलेल्या मोटारहोमच्या काचेतून वाकून चासीचा सतरा अक्षरांचा नंबर वाचायचा आणि यादीवर खूण करायचा. एखादी गाडी सापडली नाही की माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. दुरुस्तीला आत घेतली असेल किंवा प्रदर्शनात नेली असेल तर तसे कागद दाखवायचे. विकली असेल तर तिचे पैसे बँकेत कधी भरले ते दाखवायचं. गाडी विकली आहे, गिऱ्हाइकाचे पैसे आले आहेत आणि बँकेत मात्र भरलेले नाहीत, असं निघालं तर डीलर संपला. या धंद्यात त्याहून मोठा गुन्हा नाही.

अमेरिकेत इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला एका डीलरकडे मी १९९४ ते २०२४ अशी तीस वर्षं हिशेब ठेवला. मोटारहोमचे भाव पडल्याची बातमी आली की लोक म्हणतात, पेट्रोल महागलं, हौस ओसरली, गिऱ्हाईक आटलं. वह्या लिहिता लिहिता माझं मत वेगळं झालं. गिऱ्हाईक आटलं की विक्री मंदावते, एवढंच. भाव कोसळतात ते उभ्या मालावर रोज चढणाऱ्या व्याजाने.

व्यवहार असा असतो. डीलरच्या लॉटवर साठ-सत्तर नव्या गाड्या दिसतात, पण त्यातली जवळजवळ एकही त्याची नसते. गाडी कारखान्यातून निघाली की कारखान्याचे पैसे बँक चुकते करते आणि गाडी तारण म्हणून लॉटवर येते. याला म्हणायचं ‘फ्लोअर प्लॅन’. विकेपर्यंत व्याज डीलरने भरायचं, विकली की मुद्दल लगेच बँकेत. ठरलेल्या मुदतीत, बहुधा वर्षभरात, विकली गेली नाही तर मुद्दलातला एक हिस्सा पदरचा भरायचा, पुढे काही महिन्यांनी आणखी एक. त्याला ‘कर्टेलमेंट’ म्हणत. हा शब्द आमच्या ऑफिसात कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे एकदा फोनवर समजावून सांगितलं होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत होती, त्यामुळे माल पडून राहणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

‘माल कुणाचा?’ त्यांनी विचारलं.

‘बँकेचा.’

‘आणि भाव पडला तर तोटा?’

‘मालकांचा.’

आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. ‘मग त्यांनी माल धरून ठेवायचा कसा गं?’

धरून ठेवताच येत नाही, हेच तर या धंद्याचं दुखणं. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. भाव उतरला की पेव उघडायचं नाही, तेजीची वाट पाहायची. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि त्यांचा काळ बहुतेक संपला, पण आण्णांच्या उमेदीत पेव हा व्यापाऱ्याचा आधार होता. मोटारहोमला पेव नाही. दरवर्षी उन्हाळ्यात पुढच्या सालाचं मॉडेल येतं आणि लॉटवरची गाडी एक मैलही न धावता जुनी होते. हिवाळ्यात तिच्या नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, बॅटऱ्या चार्ज करायच्या, छपरावरचा बर्फ लांब दांड्याच्या ब्रशाने ओढायचा. हे सगळं होत असताना व्याज चालूच.

आमच्या गावापासून एल्कहार्ट अर्ध्या तासावर. अमेरिकेत बनणाऱ्या घरगाड्यांपैकी, म्हणजे मोटारहोम आणि ओढायचे ट्रेलर धरून, दहातल्या आठ तरी एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. हे गाव पूर्वी बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध होतं. १९३० च्या दशकात तिथे मोटारीमागे ओढायचे ट्रेलर बांधायला सुरुवात झाली. आज कारखान्यांत आमिश पंथाचे अनेक कामगार आहेत. ते स्वतः मोटार चालवत नाहीत, पण त्यांच्या हातचं सुतारकाम देशभर रस्त्यांवर फिरतं. मजुरी कामाच्या नगावर, त्यामुळे पहाटे अंधारात पाळी सुरू होते आणि दुपारी लवकर सुटते.

स्वतःचं इंजिन असलेलं घर मात्र दुसरीकडून आलं. मिशिगनमध्ये रे फ्रँक यांनी १९५० च्या दशकात आपल्या कुटुंबासाठी असं वाहन बांधलं, शेजारपाजारी मागू लागले तसा त्याचा धंदा झाला. त्या गाड्या महाग होत्या. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत जॉन हॅन्सन यांच्या विनेबेगो कंपनीने मोटारहोम असेंब्ली लाइनवर घेतलं आणि किंमत इतरांच्या जवळपास निम्म्यावर आणली. मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं ते तेव्हा. भाव उतरण्याचा हा एक चांगला प्रकार: बांधायचा खर्च कमी झाला म्हणून भाव कमी झाला, आणि कुणाचं घर बुडालं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक घसरणीत कुणाचं ना कुणाचं बुडालं.

आमच्या मोठ्या मालकांनी १९७१ मध्ये लॉट घेतला. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. १९७२ साली कारखान्यांतून सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाख ऐंशी हजारांहून जास्त घरगाड्या निघाल्या होत्या, १९७४ साली तीन लाखांच्याही आत आल्या. त्या वेळी आपण तरुण होतो, कर्ज थोडं होतं, निभावलं, असं ते सांगत. त्यांच्या मनातून कधीच न गेलेलं साल १९८० होतं. इराणमधल्या क्रांतीनंतर पेट्रोल पुन्हा भडकलं, हे सगळ्यांना आठवतं. व्याजाचा दर फार थोड्यांना आठवतो. अमेरिकी बँकांचा प्राइम रेट १९८० च्या डिसेंबरात साडेएकवीस टक्क्यांवर गेला होता. वीस हजार डॉलरची गाडी त्या दराने वर्षभर उभी राहिली तर नुसतं व्याज चार हजार तीनशे डॉलर. ती वही त्यांनी मला दाखवली होती. प्रत्येक गाडीच्या नावापुढे व्याजाचा आकडा दर महिन्याला शिसपेन्सिलीने खोडून नवा लिहिलेला, कागद तिथे झिजून पातळ झालेला. १९७८ ला पावणेचार लाखांवर असलेलं उत्पादन १९८० मध्ये लाखाच्या थोडं वर उरलं. जनरल मोटर्ससारखी कंपनीसुद्धा तोवर मोटारहोम बांधणं सोडून गेली होती.

ज्यांच्या हाती रोकड होती त्यांनी मात्र त्याच वर्षी खरेदी केली. तोट्यात चाललेली एअरस्ट्रीम कंपनी वेड थॉम्प्सन आणि पीटर ऑर्थवाइन या दोघांनी १९८० मध्ये घेतली. त्यातून थॉर ही कंपनी उभी राहिली, जी आज या धंद्यात सर्वांत मोठी आहे. पुढे प्रत्येक मंदीनंतर आणि तेजीतही हेच होत गेलं. फॉरेस्ट रिव्हर २००५ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायरकडे गेली, जेको २०१६ मध्ये थॉरकडे, न्यूमार २०१९ मध्ये विनेबेगोकडे. नावं वेगवेगळी दिसतात, पण डीलरला दारं ठोठावायची ती मुख्यतः तीनच. ‘एवढ्या गाड्या घ्या, नाहीतर तुमच्या भागात दुसऱ्याला ब्रँड देतो’ हे वाक्य शब्दांत कुणी म्हणत नाही. ऑर्डरच्या बैठकीत ते न म्हणताही कळतं. माझ्या मते भाव पडण्याच्या कथेत हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो.

२००८ मी स्वतः पाहिलं. त्या जुलैत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, विक्री मंदावली, पण आम्ही चालत होतो. सप्टेंबरात बँका कोसळल्या आणि फ्लोअर प्लॅन देणाऱ्या मोठ्या संस्था हा धंदाच सोडू लागल्या. आम्हालाही पत्र आलं: नव्वद दिवसांत दुसरी बँक पाहा. आम्ही एकही हप्ता चुकवला नव्हता. डिसेंबरात कोचमनने आपला गाड्यांचा धंदा फॉरेस्ट रिव्हरला विकला. मार्च २००९ मध्ये आठवड्याभराच्या आत मोनॅको आणि फ्लीटवुड या दोघांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखाना बुडाला की त्याची वॉरंटी बुडते, आणि लॉटवर उभ्या त्याच्या गाड्या एका रात्रीत पोरक्या होतात. आमच्याकडे अशा अकरा होत्या.

एल्कहार्ट परगण्यात बेकारी वीस टक्क्यांच्या घरात पोचली. राष्ट्राध्यक्ष ओबामा शपथ घेतल्यावर तीन आठवड्यांतच, ९ फेब्रुवारीला, तिथल्या शाळेत येऊन बोलले. त्या वर्षी देशभरात १,६५,७०० घरगाड्या निघाल्या, तीन वर्षांपूर्वी त्याच ३,९०,५०० होत्या. जुलैत सरकारच्या लघुउद्योग खात्याने फ्लोअर प्लॅनला हमी देणारी योजना काढली. तोवर आमच्या रस्त्यावरचे दोन लॉट रिकामे झाले होते.

त्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी डिझेलवरची अडतीस फुटी गाडी विकली गेली. बँकेचं मुद्दल जेमतेम फिटेल अशा भावाला एका निवृत्त जोडप्याने ती रोख घेतली. पगार त्याच दिवशी द्यायचे होते आणि खात्यात पैसे नव्हते. मोठे मालक माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, बँकेचा चेक सोमवारी काढला तर चालेल का? त्यांनी आयुष्यात असं कधी विचारलं नव्हतं. मी काही बोलले नाही, नुसती यादी पुढे केली. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, लिही चेक. पगार त्यांनी पुढच्या बुधवारी, राहत्या घरावर कर्ज काढून दिले. त्या दिवशी आमचा लॉट टिकला असं मी मानते, आणि त्या माणसाबद्दलचा आदर मनातून कधी गेला नाही.

मग २०२० ची साथ आली. विमानं बंद, हॉटेलं बंद, आणि ज्यांनी कधी तंबूही ठोकला नव्हता ते मोटारहोम मागू लागले. शिकागो आणि डेट्रॉइटच्या मराठी मंडळांतल्या ओळखीच्यांचे मला फोन येत: काकू, तुमच्याकडे काही आहे का? नव्हतं. लॉटवर गवत वाढलेलं मी प्रथमच पाहिलं. २०२१ मध्ये उत्पादन ६,००,२४० वर गेलं, आजवरचं सर्वांत जास्त. लोक छापील किमतीला, क्वचित त्याहूनही जास्त देऊन गाड्या नेत होते. जुन्या गाड्या आम्ही बदल्यात घ्यायचो त्याही फुगलेल्या भावाने.

मोटारहोमचं दुखणं ट्रेलरपेक्षा वेगळं झालं ते चासीमुळे. चिपच्या टंचाईत फोर्ड आणि मर्सिडीजकडून चासी वेळेवर येईनात, आणि ऑर्डरी रेंगाळल्या. तेजीत मागवलेला माल मंदीत दारात आला. मार्च २०२२ च्या सुरुवातीला प्राइम रेट सव्वातीन टक्के होता, जुलै २०२३ च्या अखेरीस साडेआठ. लाख डॉलरच्या गाडीवर रोजचं व्याज नऊ डॉलरवरून तेवीसवर गेलं. साठ गाड्या असतील तर गुणाकार तुम्हीच करा. गिऱ्हाइकाचं कर्जही महागलं, आणि ते पंधरा-वीस वर्षांचं. २०२१ मध्ये चढ्या भावाने घेतलेली गाडी परत द्यायला आलेल्या माणसाला मी कर्जाची बाकी आणि गाडीची किंमत शेजारी शेजारी लिहून दाखवायची. बाकी मोठी निघायची. असा कागद हातात धरून कितीतरी नवरा-बायको माझ्यासमोर मुकाट बसलेले मी पाहिले.

२०२३ मध्ये उत्पादन ३,१३,१७४ वर आलं. मोठ्या साखळ्यांनी जुना माल तोट्यात विकायला काढला, आणि त्यांनी भाव खाली आणला की शेजारच्या एकट्या डीलरला आणावाच लागतो, कारण त्याचंही कर्टेलमेंट त्याच महिन्यात येतं. देशभरातलं निव्वळ मोटारहोमचं उत्पादन २०२२ मध्ये अठ्ठावन्न हजारांच्या आसपास होतं, २०२४ मध्ये पस्तीस हजारांच्या आसपास उरलं.

मोठे मालक तोवर गेले होते, आणि त्यांच्या मुलाने लॉट एका साखळीला विकायचं ठरवलं. मी त्याला दोष देत नाही. व्यवहार पुरा व्हायच्या आदल्या दिवशी बँकेचा माणूस शेवटचा आला. हा नवा होता, तरुण, हातात यादीऐवजी टॅबलेट. तासाभराने तो माझ्या टेबलाशी आला. एकोणपन्नास गाड्या होत्या आणि एकोणपन्नासही जागेवर होत्या.