उकळणारा दगड: तारापूरच्या नायट्रोजनपासून दुसऱ्या लाटेतल्या ऑक्सिजनपर्यंत

आज एका दगडाची गोष्ट. सुरुवात बोईसरहून.

तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे माहीत असेलच. औषधं-रसायनं बनवताना रिॲक्टरमध्ये पेट घेणारं सॉल्व्हंट असतं. हवा आत गेली आणि ठिणगी पडली, तर संपलंच. म्हणून आत नायट्रोजन भरून ठेवतात. तो साध्या हवेतूनच काढणारी यंत्रं अशा कारखान्यांत असतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे कच्चा माल फुकटच!

आता एप्रिल २०२१ आठवा. दुसरी लाट, सिलिंडरसाठी वणवण. तेव्हा आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या गटाने करून दाखवलं की, नायट्रोजनच्या यंत्रातून ऑक्सिजनही काढता येतो. मुख्य बदल एकच: टाकीतले कार्बनचे दाणे काढायचे आणि झिओलाइटचे भरायचे. कार्बनच्या बारीक छिद्रांत ऑक्सिजन पटकन शिरतो आणि नायट्रोजन पुढे निघून जातो. झिओलाइटचं उलटं. दाब दिला की तो नायट्रोजनला धरून ठेवतो, दाब काढला की सोडून देतो. त्यांना ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला.

पण झिओलाइट म्हणजे काय? १७५६ साली स्वीडनच्या ॲक्सेल क्रॉन्स्टेट यांनी एक खनिज तापवलं, तर त्यातून वाफ निघू लागली. ग्रीक भाषेत ‘झिओ’ म्हणजे उकळणं, ‘लिथॉस’ म्हणजे दगड. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा हा सांगाडा, आत रेणूएवढ्या खोल्या. खोल्यांतलं पाणी उडालं तरी भिंती शाबूत राहतात, आणि रिकाम्या खोल्यांत दुसरे पाहुणे येतात.

हा दगड आपल्याकडे भरपूर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत पुढे खनिजं जमून स्फटिक वाढले. पालघरचा काळा पाषाणही त्याच लाव्ह्याचा. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना हे स्फटिक बाहेर पडले आणि युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. त्याच कामावर हजारो मजूर दगावले, त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. (स्फटिक बघायचेच असतील तर सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय गाठा.)

मग २०२१ मध्ये डोंगरातलाच दगड का नाही वापरला? कारण यंत्राला प्रत्येक दाणा सारखा आणि शुद्ध लागतो. असा झिओलाइट कारखान्यात बनतो. अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ च्या सुमारास तो प्रयोगशाळेत तयार केला. आपल्याकडे मागणी इतकी अचानक वाढली की मे २०२१ मध्ये ऑक्सिजन प्लांटसाठी एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बंगळुरूला झिओलाइट आणला. जगभरचे संग्राहक ज्याचे स्फटिक शोधत सह्याद्रीत येतात, तोच माल आपण विमानाने मागवत होतो!

आणि हो, हे दाणे हाताळणाऱ्यांसाठी: पालघरच्या दमट हवेत पिंप उघडं ठेवू नका. नायट्रोजनपेक्षा झिओलाइटला पाणी जास्त आवडतं. एकदा ते प्यायला की ऑक्सिजनची शुद्धता घसरते, आणि दाणे पुन्हा तापवून वाळवावे लागतात, क्रॉन्स्टेटने तापवला होता तसेच.